लिव्हर-अ‍ॅक्शनचा धक्का: ३५७, ३०-३०, ४४ की ४५-७०?

लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे चापाखालची लिव्हर खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल, घ्यायची हे पक्कं झालेलं असतं, घोडं अडतं ते कॅलिबरपाशी, म्हणजे कुठल्या काडतुसाची घ्यायची यापाशी. माझंही बरेच दिवस तिथेच अडलं होतं. ही चारही कॅलिबरं मी चालवून पाहिली आहेत. त्यातल्या दोन रायफली माझ्या होत्या, आता एकच उरली आहे.

३५७ मॅग्नमबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस, ते सहा-सात पौंडांच्या रायफलीतून उडवलं की खांद्याला बसणारा धक्का नावापुरताच उरतो. त्याच रायफलीत ३८ स्पेशल हे आणखी सौम्य काडतूस भरलं तर खांद्याला पत्ताही लागत नाही. नवशिक्याला शिकवायचं असेल किंवा दिवसाला शंभर बार काढायचे असतील, तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल.

३०-३० चा धक्का जाणवतो, पण लक्षात राहत नाही. १५० किंवा १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, आणि १८९५ पासून विंचेस्टर कंपनीच्या ९४ मॉडेलच्या रायफलीबरोबर जमलेली जोडी. कुणी ‘३०-३० चावते’ म्हणालं, तर आधी दस्त्याचं टोक कसं आहे ते विचारा. जुन्या रायफलींना चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी असते. ती नीट बसली नाही तर तिची टोकं खांद्यात रुततात आणि बिचाऱ्या काडतुसाला शिव्या बसतात. रबरी पॅड असलेल्या रायफलीतून तेच काडतूस निराळं वाटतं.

४४ मॅग्नम आणि ३०-३० यांच्यात कागदावर फारसं अंतर निघणार नाही. मला मात्र ४४ चा धक्का जास्त तुटक वाटतो. ३०-३० ढकलते, ४४ ठोसा मारते. मी चालवलेली ४४ आखूड नळीची, हलकी होती, त्यामुळे हे मत थोडं कमी धरा.

आता ४५-७०. अमेरिकी सैन्यासाठी १८७३ मध्ये आलेलं हे काडतूस, ४०५ ग्रेनची म्हणजे जवळजवळ २६ ग्रॅमची गोळी. मागची झडप उघडून एकेक काडतूस भरायच्या जुन्या ट्रॅपडोअर रायफलींनाही झेपावीत अशी सौम्य काडतुसं वापरली तर धक्का मोठा असूनही संथ येतो, अंग मागे झुलतं आणि खरं सांगायचं तर मजा येते. आधुनिक लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी भरलेली जड आणि वेगवान काडतुसं घातली की तीच रायफल ओळखू येत नाही.

पण माझा खांदा तेही सोसत होता. तक्रार केली ती मधल्या बोटाने. रायफल झटक्याने मागे येते, हात क्षणभर जागीच राहतो आणि चापाच्या मागची लिव्हरची आतली कड बोटाच्या सांध्यावर आपटते. पहिल्या दोन-तीन बारांना काही वाटत नाही. आठव्या-नवव्याला मी चाप ओढण्याआधीच बोट आकसायला लागलो. पकड सैल झाली की कड आणखी जोरात लागते, आणि नेम खाली जातो तो वेगळाच. लिव्हरला चामड्याची पट्टी गुंडाळली, तर आधीच अपुरी असलेली जागा आणखी घटली. मोठ्या कड्याची लिव्हर लावल्यावर हातमोज्यासकट हात मावला, पण बोटाला लागणारी कड होती तिथेच राहिली. शेवटच्या बाराला मॅगझीन (नळीखाली काडतुसं ठेवायची जागा) रिकामं होऊन पुढचं वजन घटल्यामुळे नळी जास्त उसळते असंही मला वाटायचं, पण तोवर सगळं लक्ष बोटाकडे असायचं, त्यामुळे खात्रीने सांगवत नाही.

माझी बोटं जाड आहेत. तुमच्या बाबतीत हे घडेलच असं नाही. मोठ्या जनावरासाठीच रायफल हवी असेल, तर ४५-७० ला नाही म्हणणं अवघड आहे, आणि तेव्हा मोजून दोन-तीनच बार काढायचे असतात. फक्त घेण्याआधी कुणाची तरी मागून घ्या आणि जड काडतुसांचे दहा बार सलग काढून पाहा, तेही उभ्याने. टेबलाला टेकून बसलं की अंग मागे झुलत नाही आणि कुठलीही रायफल उगाच बदनाम होते.

माझी ४५-७० मी विकली. ३०-३० सोबत असली की काडतुसांचं पाकीट संपेपर्यंत बार काढतो, आणि बोटाची आठवणही होत नाही.