एनएसएफकडे वातावरण-संशोधनाचा अर्ज: पोर्टल चोख, खड्डे भलतीकडेच

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे, म्हणजे एनएसएफकडे, वातावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी पैसे मागायचे तर बहुतेक अर्ज रिसर्च डॉट गव्ह या पोर्टलवरून जातात. या परीक्षणात पोर्टल, नियमपुस्तिका आणि अर्ज तपासण्याची पद्धत, तिन्ही घेतली आहेत. नियम २० मे २०२४ पासून लागू झालेल्या २४-१ या पुस्तिकेतले आहेत. ते बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरताना चालू आवृत्ती उघडून बघावीच.

पोर्टल चांगलं आहे. जोडलेल्या प्रत्येक फाइलची पानं मोजतं, राहिलेला भाग दाखवतं. एरर असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. वॉर्निंग असेल तर मात्र सरकतो, आणि घोटाळा इथेच होतो, कारण वॉर्निंगकडे सहसा कोणी ढुंकूनही बघत नाही. शिवाय अर्ज संशोधकाला स्वतः पाठवता येत नाही. संस्थेचा अधिकृत प्रतिनिधी पाठवतो. संस्थेची सॅम डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावरची नोंदणी दरवर्षी नूतनीकरण करावी लागते. ती लॅप्स झालेली निघाली तर विज्ञान कितीही पक्कं असो, अर्ज दारातच अडतो. ही चौकशी पहिल्या दिवशी करावी.

मुख्य मजकुराला १५ पानं. टाइम्स न्यू रोमन किमान ११ पॉइंट, एरियल १० चालतो, चारही बाजूंनी एक इंच समास. मजकुरात वेबपत्ते देऊ नयेत, कारण परीक्षकाने बाहेरची पानं उघडून अर्ज समजून घेणं अपेक्षित नाही. ‘ब्रॉडर इम्पॅक्ट्स’ (समाजावरचे व्यापक परिणाम) असं शीर्षक असलेला स्वतंत्र भाग लागतो. त्यातले मुद्दे इतर परिच्छेदांत विखुरलेले असून भागत नाही. एका पानाच्या सारांशालाही तीन ठरलेले भाग आहेत: आढावा, वैज्ञानिक गुणवत्ता, व्यापक परिणाम. सहलेखकांची यादी एक्सेलच्या ठरलेल्या तक्त्यात, गेल्या ४८ महिन्यांची आणि प्रत्येक ज्येष्ठ संशोधकाची वेगळी. सगळ्या सेवेतला सर्वांत कंटाळवाणा प्रकार हाच. मोठ्या मोहिमेच्या शोधनिबंधावर पन्नास-साठ नावं असतात, तिथे तर विचारूच नका.

आता बजेट. वातावरणशास्त्राचे अर्ज इथे जास्त घसरतात आणि पोर्टलला त्याचा पत्ता लागत नाही. ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा अप्रत्यक्ष खर्च, सरसकट सगळ्या खर्चावर लागत नाही. उपकरणं, विद्यार्थ्यांची फी आणि कार्यशाळेतल्या सहभागींचा खर्च आधी वगळायचा. समजा, एका वर्षाचा थेट खर्च १,२०,००० डॉलर आहे. त्यात लायडार या लेझरने हवा मोजणाऱ्या उपकरणाचा भाग २०,००० आणि फी १५,०००. मग ओव्हरहेड लावायचा आधार उरतो ८५,००० चा, आणि दर ५० टक्के असेल तर ओव्हरहेड ४२,५००. पूर्ण रकमेवर लावला तर ६०,००० होतो. म्हणजे वर्षाला १७,५०० डॉलरची चूक, आणि ती संस्थेच्या कार्यालयात शेवटच्या दिवशी सापडते.

फुग्याला बांधून वर सोडायचा आणि हवेच्या नोंदी पाठवणारा रेडिओसोंड हा दुसरा सापळा. उपकरण असूनही हिशेबात तो उपकरण नाही. एक सोंड एकदाच उडतो आणि त्याची किंमत उपकरण मानण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते, म्हणून तो ‘साहित्य’ या ओळीत बसतो आणि त्यावर ओव्हरहेड लागतो. दर तीन तासांनी सोडायचे तर दिवसाला आठ. १२ निरीक्षण-दिवसांचे ९६, फुटलेले फुगे आणि तुटलेले सिग्नल धरून १०६. हेलियम आणि रात्रपाळीची माणसं वेगळी. १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय नियमांत उपकरणाची मर्यादा ५,००० वरून १०,००० डॉलर झाली आहे. संस्थेने ती स्वीकारली असेल तर ७,००० चा डिस्ड्रोमीटरही (पावसाच्या थेंबांचा आकार मोजणारं यंत्र) आता साहित्यात जातो. जुन्या अर्जाचं बजेट जसंच्या तसं उचलणारे इथे हमखास फसतात.

डेटा व्यवस्थापनाच्या आराखड्याला दोन पानं आहेत. ‘डेटा सर्वांना खुला राहील’ एवढं लिहून पान भरणारे बरेच. परीक्षकाला आकडा हवा असतो. समजा, हवामानाच्या संगणकी मॉडेलचं ५०० बाय ५०० चं जाळं, ५० थर, म्हणजे एका त्रिमितीय चलाचे १.२५ कोटी आकडे, ४ बाइटप्रमाणे ५० एमबी. दहा चलं दर तासाला साठवली तर दिवसाला १२ जीबी, ९० दिवसांत साधारण १ टीबी. आणि २० सदस्यांचा एन्सेम्बल, म्हणजे तेच मॉडेल थोड्या फरकाने २० वेळा चालवणं, असेल तर २० टीबी. एवढं सगळं ठेवणार, की मॉडेलचा कोड, नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंगची फाइल) आणि निवडक चलं, हे स्पष्ट लिहावं. फॉरमॅट नेटसीडीएफ (हवामान-डेटाचा प्रचलित फाइलप्रकार), मेटाडेटा सीएफ या ठरलेल्या संकेतांनुसार, डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देणारं भांडार कोणतं तेही नावानिशी.

विमान किंवा फिरतं रडार हवं असेल तर त्याची मागणी वेगळ्या वाटेने, मोहिमेच्या वर्षभराहूनही आधी सुरू करावी लागते. एनकार या अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण-संशोधन केंद्राची जी-व्ही आणि सी-१३० ही विमानं अर्ज मंजूर झाल्यावर आपोआप दारात उभी राहत नाहीत. तिथल्या डेरेचो महासंगणकावरचे कोअर-तासही (गणनेचा वेळ) वेगळा अर्ज करूनच मिळतात.

वातावरणशास्त्राच्या अनेक मूळ कार्यक्रमांना अंतिम तारीख नाही. सोय मोठी, पण तोटा असा की अर्ज ‘आणखी थोडा सुधारू’ म्हणत वर्षभर रखडतो. कार्यक्रम अधिकाऱ्याला आधी एका पानाचा गोषवारा पाठवावा. विषय चुकीच्या खिडकीत जाणार असेल तर ते तिथेच कळतं. वणवा किंवा ज्वालामुखीसारख्या घाईच्या कामाला ‘रॅपिड’ हा वेगळा अर्जप्रकार आहे: पाच पानं, एक वर्ष, २,००,००० डॉलरपर्यंत. त्यासाठी अधिकाऱ्याच्या होकाराची ईमेल अर्जाला जोडावीच लागते.

निर्णयाला साधारण सहा महिने धरावेत. नकार आला तरी परीक्षकांचे अभिप्राय जसेच्या तसे हाती येतात, ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. तोच अर्ज लक्षणीय बदल न करता पुन्हा पाठवला तर मात्र वाचल्याविना परत येतो.

सहसंशोधक ठरवताना त्याच्या जुन्या अनुदानांचे अहवाल भरलेले आहेत का, तेही विचारून घ्यावं. वार्षिक अहवाल चालू बजेटकाळ संपण्याच्या ९० दिवस आधी द्यायचा असतो. एकाचा थकला की त्या अनुदानावरच्या सगळ्यांचा नवा निधी अडकतो.