गोधडी, क्विल्ट की रजई? साठवणीतल्या कापडाचं आपल्या माणसांसाठी काय शिवावं

दिवाळीच्या साफसफाईत लोखंडी ट्रंक उघडली की इंदूरच्या आमच्या घरात दरवर्षी तोच प्रश्न समोर येतो. आईच्या सुती पाचवारी साड्या, आजीची दोन लुगडी, ओटीत आलेल्या ब्लाउजपीसांचा ढीग, मुलांची झबली, आणि अगदी तळाशी आजेसासऱ्यांनी गिरणीतून आणलेलं कोरं कापड. ते हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल 1991 साली बंद पडली, कापड अजून घडीतच आहे. टाकवत नाही आणि नुसतं ठेवूनही बरं वाटत नाही.

या ट्रंकेतून मी आजवर तीन तऱ्हेची पांघरुणं करून नात्यात आणि मैत्रिणींना दिली आहेत: साड्यांचे थर लावून हाताने शिवलेली गोधडी, तुकडे जोडून मशीनवर केलेला क्विल्ट, आणि पिंजाऱ्याकडून कापूस भरून घेतलेली रजई. तिन्ही करायला मला मनापासून आवडतात. पण कोणासाठी काय करायचं, हे ठरवताना कापड मी आता शेवटी बघते. आधी विचारते, हे धुणार कोण?

हे मला ग्वाल्हेरच्या आत्यामुळे कळलं. तिच्यासाठी मी चार साड्यांची, सहा थरांची गोधडी केली होती. एक बोटाच्या अंतराने टाके आणि काठांची नक्षी, पूर्ण व्हायला अख्खा पावसाळा गेला. दोन वर्षांनी तिच्याकडे गेले तर गोधडी कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळलेली. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “अगं, सुरेख आहे गं ती. पण भिजली की मला पिळवत नाही, आणि न धुता रोज अंगावर घ्यायला मन होत नाही.” कोरडी असताना ती पावणेदोन किलोच्या आसपास होती. पाण्यात बुडवल्यावर तिचं किती होत असेल, हा विचार शिवताना एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता.

थरांची गोधडी

आधी हिशेब. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि पन्ना सव्वा मीटरच्या आत. तिचे मधोमध दोन तुकडे करून शेजारी शेजारी जोडले की डबल बेडचा एक थर तयार. एकट्याच्या गोधडीला, म्हणजे दीड मीटर बाय दोन-सव्वादोन मीटरला, दोन साड्यांत तीन थर बसतात, कारण रुंदीतून उरलेल्या पट्ट्या जोडून तिसरा थर निघतो. नऊवारी लुगड्याचे तीन सारखे भाग केले तर अंगाखाली घालायच्या अरुंद वाकळीचे तीन थर होतात, आणि जोड एकही लागत नाही. आजीच्या एका लुगड्याचं मी तेच केलं.

आता वेळेचा हिशेब, कारण इथेच माणसं अडकतात. दीड मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटरच्या गोधडीत दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरा घातला तर एकूण शिवण दीडशे मीटरच्या वर जाते. चार थरांतून माझा हात तासाला चार मीटर चालतो, म्हणजे रोज दीड तास बसलं तरी महिना सहज लागतो. तेच अंतर दोन बोटांचं ठेवलं तर काम निम्म्यावर येतं आणि गोधडी मऊही राहते. दाट टाक्यांनी ती टिकाऊ होते, पण ताठरही होते. रोजच्या वापराची असेल तर मी दोन बोटांच्या अंतरावरच राहते.

शिवायला बसण्याआधी सगळे थर जमिनीवर अंथरून, तळव्याने सुरकुत्या बाहेर काढत, वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत. हे टाळलं तर चार दिवसांनी मधे फुगा येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. शिवण मी कडेने सुरू करून चौकोनात फिरत मध्याकडे नेते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, अशीच बाहेरून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावतात. ती फुलं मी उचलली आहेत. वापरात सगळ्यात आधी विरतात ते कोपरेच.

गोधडीचा खरा गुण तिच्या जुन्या कापडात आहे. शंभरदा धुतलेली साडी आता आटत नाही, रंग सोडत नाही, अंगाला टोचत नाही. इंदूरच्या थंडीला चार थर पुरतात. मार्चमध्ये पहाटेच्या गारव्यालाही तीच चालते आणि चांगल्या उन्हात दिवसभरात वाळते.

मशीनवरचा क्विल्ट

ब्लाउजपीसांचा ढीग संपवायचा असेल तर याला तोड नाही. 80 सेंटिमीटर बाय एक मीटरच्या एका पीसमधून 20 सेंटिमीटरचे वीस चौकोन निघतात. शिवणीत जाऊन प्रत्येक 18 चा उरतो. आडवे आठ आणि उभे बारा, म्हणजे 96 चौकोन जोडले की एकट्याचा वरचा पदर तयार. हिशेबाने पाच पीस पुरतात, पण मी वीस पीसांतून पाच-पाच चौकोन घेते. मग ज्या घरच्या ओटीतला खण त्या घराची आठवण निघते. पुतणीच्या क्विल्टमध्ये तिच्या आईच्या डोहाळजेवणातला हिरवा खण आहे. तिला तो बरोबर माहीत आहे, झोपताना तेवढा चौकोन ती उशीकडे घेते.

वरचा पदर, मधे पॉलिस्टरचं पातळ वॅडिंग (भरावाचा थर), खाली जुनी चादर, असे याचे तीनच थर. वजनाला हलका, वॉशिंग मशीनमध्ये जातो, लवकर वाळतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांना, नोकरीवर जाणाऱ्या सुनेला मी हाच देते. शिवायलाही आठवडा पुरतो. मात्र घरच्या मशीनच्या गळ्यातून, म्हणजे सुईशेजारच्या मोकळ्या जागेतून, डबल बेडच्या क्विल्टची गुंडाळी सरकत नाही, ओढाओढीत टाके वाकडे होतात आणि सुई मोडते. म्हणून एकट्याचाच करावा. शिवणीच्या ओळी वितीपेक्षा जवळ घ्याव्यात, नाहीतर धुण्यात आतलं वॅडिंग सरकून गोळे होतात.

याचा मोठा दोष असा की पॉलिस्टर घाम शोषत नाही. माझ्या आईला तो कधीच मानवला नाही. “ऊब आहे, पण अंगाला लागत नाही,” म्हणाली. ज्यांना सुती अंथरुणाची जन्मभराची सवय आहे, त्यांना हा देऊ नये.

कापसाची रजई

हिच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण यातलं बरंचसं काम आपल्या हातात नसतं. एकट्याच्या रजईत अडीच-तीन किलो कापूस जातो. तो पिंजून, भरून, लांब टाके घालून मिळतो. ऊब तिघांत जास्त, पण ही धुता येत नाही. ऊन दाखवायचं आणि काही वर्षांनी पुन्हा पिंजून घ्यायची. म्हणून वर नाड्यांची खोळ हवीच, आणि साड्या वापरायच्या त्या तिथे. आतल्या कव्हरला जुनी साडी चालत नाही. विरळ विणीतून कापूस बाहेर येतो. मिलचं ते कोरं कापड शेवटी कामाला आलं ते इथे, कारण त्याची वीण घट्ट आहे. इंदुरात रजईचे दिवस थोडेच, ग्वाल्हेरला मात्र डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तिच्याशिवाय भागत नाही.

ट्रंकेतलं काय घ्यावं, काय नको

साडी खिडकीशी उजेडात धरा. पायाशी घासलेला भाग आणि निऱ्यांच्या रेघा आधी विरतात, पदर बहुधा ठणठणीत असतो. मग दोन्ही मुठींत धरून आडवी-उभी ताणा. चर्र आवाज आला तर तो भाग आतल्या थरालाही नको. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड घडीवरच तुटतं. आमच्या कोऱ्या कापडाच्या चार घड्या अशाच कापून टाकाव्या लागल्या. त्यात भर खळीची, कारण खळीवर कसर येते. कोरं कापड रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवूनच कात्री लावावी. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं. नवं-जुनं एकत्र शिवलं तर नवं आकसताना जुन्याला फाडतं.

सूत की मिश्र, हे कळत नसेल तर एक धागा उपसून चिमट्यात धरून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटावर भुगा होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास. महेश्वरी साडीत बहुधा ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो, त्यामुळे ती घसरते आणि सुईला दाद देत नाही. महेश्वरी आणि चंदेरी मी गोधडीत घालत नाही, काठ तेवढे काढून क्विल्टच्या कडेला गोट म्हणून लावते. जरीची तार टोचते, म्हणून तीही चेहऱ्याच्या बाजूला कधी येऊ देत नाही.

धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या छापाचा लाल आणि उज्जैनजवळच्या भैरवगडच्या बाटिकचे गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडकं रंगलं तर ते कापड वेगळं ठेवा. मैत्रिणीच्या क्विल्टमध्ये एक लाल चौकोन मी न तपासता जोडला होता. पहिल्याच धुण्यात भोवतीचे आठही चौकोन गुलाबी झाले. ती काही बोलली नाही. मला मात्र तिच्याकडे गेलं की आजही तेच दिसतं.

मग कोणाला काय?

बाळंतिणीला भेट द्यायची असेल तर जुन्या मऊ साडीचं दोन थरांचं दुपटं करा. बटणं, मणी, लोंबणारे दोरे नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत जाड, मऊ पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे गोधडी करायचीच असेल तर जागेपणी खेळायला जमिनीवर अंथरायची करा, आणि देतानाच आईला तसं सांगा.

ज्याच्या घरी वॉशिंग मशीन आहे आणि हाताशी वेळ नाही, त्याला क्विल्ट. थंड गावातल्या भरल्या घराला, जिथे ऊन दाखवायला गच्ची आहे आणि रजई उचलायला तरणे हात आहेत, तिथे रजई. बाकी सगळ्यांना मी गोधडीच देते, पण तीन-चार थरांचीच. आई गेल्यावर तिच्या साड्यांची भावंडांत वाटणी झाली, तेव्हा मी आणखी एक केलं: चौघांच्या गोधड्यांत वरचा थर वेगळा, पण आतला एक थर सगळ्यांच्यात तिच्या एकाच प्रकारच्या जांभळ्या साड्यांचा. बाहेरून दिसत नाही, चौघांना ठाऊक आहे.

आत्याची गोधडी मी गेल्या उन्हाळ्यात परत आणली. एकेक टाका कातरून सहाही थर सुटे केले. दीडशे मीटर शिवण उसवायला मन धजत नव्हतं, पण साड्या आतून जशाच्या तशा निघाल्या. त्यांच्याच तीन-तीन थरांच्या दोन गोधड्या केल्या, दोन बोटांच्या टाक्यांच्या. ग्वाल्हेरच्या थंडीत आत्या दोन्ही एकावर एक घेते आणि एका वेळी एकच धुते.