नाकानोचं मांदाराके : सोफुबी घ्यायची तर हातात धरून

मी टोकियोत निशी-कासाईला राहते. इथून मेट्रोच्या तोझाई लाइनमध्ये बसलं की गाडी न बदलता शेवटचं स्टेशन येतं ते नाकानोच. उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडलं की सन मॉल नावाचा छप्पर असलेला बाजार लागतो, आणि तो जिथे संपतो तिथे नाकानो ब्रॉडवे. १९८० साली या इमारतीत मांदाराके जुन्या मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स पुस्तकांचं छोटं दुकान म्हणून सुरू झालं. आज तिच्या वेगवेगळ्या मजल्यांवर त्यांची कितीतरी छोटी दुकानं आहेत. दुपारी १२ ते रात्री ८ उघडी असतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तळमजल्यावरचा (इथे त्यालाच पहिला मजला म्हणतात) सरकता जिना थेट तिसऱ्या मजल्यावर नेतो. दुसऱ्या मजल्यासाठी साधा जिना उतरून खाली यायचं.

मी जाते ती सोफुबीसाठी. सोफुबी म्हणजे व्हायनल या मऊ प्लास्टिकची पोकळ बाहुली. गॉडझिला, मोथ्रा, किंग गिडोरा असे सगळे काइजू, म्हणजे जपानी चित्रपटांतले महाकाय राक्षस, या रूपात मिळतात. मारुसान कंपनीने गॉडझिलाची सोफुबी १९६६ मध्ये आणली, आणि ब्रॉडवेची इमारतही त्याच सालची. त्या काळातल्या मारुसान आणि बुलमार्कच्या बाहुल्या चौथ्या मजल्यावरच्या ‘हेन्या’त बघायच्या. जपानी देवळांसमोर असतात तशा लाल तोरी कमानींच्या बोगद्यातून आत शिरायचं. किमती पाहून मी घेत काही नाही, पण कपाटासमोर अर्धा तास सहज जातो.

माझं वेड साच्यापासूनचं आहे. पेणला आजोबांचा गणपतीचा कारखाना होता. शाडूची माती प्लास्टरच्या साच्यात दाबायची, साचा उघडायचा, मूर्ती सोडवायची आणि जोड घासून काढायचा, हे मी लहानपणापासून पाहिलंय. सोफुबीचा साचा उघडतच नाही! मेणाच्या नमुन्यावर तांब्याचा थर चढवून धातूचा अखंड साचा करतात. त्यात पातळ व्हायनल ओततात आणि साचा तापवतात. कडेला थर धरला की आतलं उरलेलं ओतून काढतात, पुन्हा तापवतात, आणि व्हायनल ऊन व मऊ असतानाच पकडीने साच्याच्या अरुंद तोंडातून ओढून बाहेर काढतात. हात, पाय, डोकं, शेपूट असे भाग वेगवेगळे निघतात आणि मग एकमेकांत बसवतात. अँगिरास नावाच्या काइजूच्या पाठीवरचे सगळे काटे असे एका भोकातून ओढून निघाले, हे कळल्यापासून मला त्याच्याकडे बघताना आजोबांची आठवण येते. त्यांना हे दाखवायला हवं होतं.

या वेळी घेतला तो अँगिरासच, बांदाईच्या मूव्ही मॉन्स्टर मालिकेतला. नाव ऐकून आपल्याला आंगिरस ऋषी आठवतात, पण ते आलंय अँकिलोसॉरस या डायनोसॉरवरून. १९५५ च्या चित्रपटात गॉडझिलाशी लढलेला हा पहिला राक्षस. पुढे तो गॉडझिलाच्या बाजूचा झाला, आणि १९७४ मध्ये यंत्राच्या मेकागॉडझिलाने त्याचा जबडा फाडला तो प्रसंग मला आजही बघवत नाही.

कपाटात एकाच साच्यातले तीन होते. दुकानातल्या ताईंना सांगितलं की त्या किल्ली आणून कपाट उघडतात. तीनही गल्ल्यावर मांडून दिले, घाई अजिबात केली नाही. मी आधी तळवे पाहते. तिथे कंपनीचा शिक्का, गॉडझिलाचे चित्रपट काढणाऱ्या तोहो कंपनीचं हक्कचिन्ह, देश आणि साल असतं. पण ते साल साच्याचं किंवा हक्काचं असू शकतं, बाहुली त्याच वर्षी बनली असं धरून चालू नका. मग बघायचे डोळे. आमच्याकडे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कसबी हाताने व्हायची. तिघांपैकी मधल्याचे डोळे बरोबर समोर बघत होते. टॅग नव्हता, म्हणून १,३०० येनला मिळाला. टॅग असलेला शेजारचा जवळजवळ दुप्पट होता. कागदाच्या तुकड्यासाठी मी तेवढे देत नाही.

या दुकानाचं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक पिशवीवर वस्तूची अवस्था लिहिलेली असते. चार शब्द शिकून जा : ‘तागु नाशी’ म्हणजे टॅग नाही, ‘योगोरे’ म्हणजे मळ, ‘तोसो हागे’ म्हणजे रंग उडालाय, आणि ‘बेतात्सुकी’ म्हणजे चिकट झालंय. या चौथ्या शब्दाला घाबरा. व्हायनल मऊ ठेवणारं द्रव्य वर्षांनुवर्षं बाहेर झिरपतं, ते हे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी फोटो पाहून गॉडझिला मागवला होता. ‘उत्तम’ लिहिलं होतं, आणि खोक्यातून निघाला तो बोटांना चिकटणारा, एका पायावर कललेला. कललेला पाय गरम पाण्यात धरून सरळ केला आणि लगेच थंड पाण्यात बुडवला, तो सुधारला. चिकटपणा धुऊन गेला आणि पावसाळ्यात परत आला. फोटोत तो दिसत नाही, बोटालाच कळतो. म्हणून मी आता तिकिटाचे पैसे घालून नाकानोला येते.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, गल्ल्या अरुंद आहेत. बुधवारी दुपारी मी जवळपास एकटीच होते.

अँगिरास आता फळीवर आहे, उन्हापासून लांब. दोन सोफुबी एकमेकींना टेकवून ठेवल्या तर एकीचा रंग दुसरीला लागतो, म्हणून प्रत्येकीत दोन बोटं अंतर असतं. त्याच्या उजवीकडची जागा वारान या दुसऱ्या काइजूसाठी ठेवली आहे. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, सध्या नाही, येऊन बघत राहा.