कणा मोडलेलं नक्षीचं पुस्तक: नऊ महिन्यांनंतर

फेदेरिको विन्चिओलोच्या लेसच्या नक्ष्यांच्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणातला पानांचा मधला गठ्ठा गेल्या आठवड्यात सुटून हातात आला. विकणाऱ्याचं म्हणणं, परतीची मुदत सात दिवस, आणि पान सपाट दाबलं ही चूक माझी. नक्षी उतरवायच्या पुस्तकाचं पान सपाट दाबायचं नाही, तर करायचं काय? निम्म्या नक्ष्यांची कड शिवणीत जाते, तीच तर हवी असते!

मूळ पुस्तक पॅरिसचं, १५८७ चं. विन्चिओलो व्हेनिसचा, अर्पण फ्रान्सच्या तिसऱ्या हेन्रीची राणी लुईझ हिला. लेसच्या नक्ष्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेषांनी छापल्यात. लाकडाच्या ठशात जे कोरून काढलं ते पांढरं उमटतं, म्हणून पानाकडे पाहिलं की तयार लेसच दिसते. झेरॉक्सला मात्र ही काळी जमीन नको. चार पानांचे पैसे वाया गेले, बारीक धागे सगळे बुजले.

मग मावशीनं तिची ब्लाउजची पद्धत दाखवली: ट्रेसिंग पेपरवर नक्षी, सुईनं भोकं, वरून रॉकेल-निळीचा बोळा. विन्चिओलोच्या काळीही पानंच टोचून भुकटीनं नक्षी कापडावर उतरवत, त्यामुळे अशी पुस्तकं वापरातच फाटून संपली. हे कळल्यावर कण्यावरचा राग निम्मा उतरला. सुटी पानं ट्रेसिंगखाली सरळ बसतात, कडसुद्धा पूर्ण मिळते. किमतीवरचा राग कायम आहे.

पुस्तकात चौकटींच्या, म्हणजे घरं मोजून करायच्या नक्ष्याही आहेत; त्या मी क्रोशात करते. मूळ काम वेगळं, गाठींची चौकोनी जाळी विणून तिची घरं भरायची. पेलिकन पक्ष्याच्या नक्षीखाली लिहिलंय, लांबी ७० घरं, उंची ६५. हा आकडा मला सगळ्या पुस्तकात प्रिय आहे. डोळे ताणून मोजायला नको. दर घराला तीन टाके (एक खांब, दोन साखळ्या) आणि शेवटी एक धरून २११ साखळ्या घातल्या, वळवायच्या वेगळ्या. पहिला पक्षी उभट झाला तेव्हा मी पुस्तकालाच बोल लावला होता. पट्टी लावली तर पानावरची घरं चौरस होती, सैल माझा खांब होता. सुई एक नंबर बारीक घेतली, सगळं उसवलं.

टाके शिकायला हे पुस्तक घेऊ नका, ते शिकवत नाही. येत असतील तर जुनी, स्वस्त प्रत बघा. माझा पेलिकन ४१व्या ओळीवर आहे, अजून २४ बाकी.