अकरा महिने वापरलेला हुमाश, आणि त्यातली शोफ्तीमची पानं

पहिल्यांदा बांधणीचं सांगते, कारण पुस्तकाचे पैसे तिथेच वसूल होतात किंवा बुडतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. माझ्या थोरल्या जाऊबाई इस्राएलमध्ये लोदला राहतात. गेल्या सिमहाथ तोराच्या (तोरावाचनाचं वर्ष पुरं होतं तो सण) आधी त्या ठाण्याला आल्या तेव्हा हा हुमाश घेऊन आल्या. तोराची, म्हणजे आमच्या मूळ धर्मशास्त्राची, पाचही पुस्तकं एकाच ग्रंथात, उजवीकडे हिब्रू, डावीकडे इंग्रजी, खाली राशींची टीका (ही राशी कुंडलीतली नव्हे, फ्रान्समधले अकराव्या शतकातले टीकाकार), त्याखाली संपादकांच्या टिपा आणि प्रत्येक पाराशानंतर (आठवड्याला वाचायचा भाग) तिची हफ्तारा, म्हणजे नबींच्या ग्रंथांतलं जोडवाचन. वजन दोन किलोच्या वर. वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं. कडांना सोनेरी मुलामा. पण पाठीला शिवण नाही, नुसता गोंद. मे महिन्याच्या उकाड्यात तो सुटला आणि शेवटची पानं गठ्ठ्याने हातात आली. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

आमच्याकडे शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवशी, मोबाइल हातात घेत नाही, म्हणून छापील पुस्तक हवंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी किद्दूश (पेल्यावरची प्रार्थना) झाला की जेवणाआधी दोन-चार पानं आणि शनिवारी दुपारी निवांत उरलेलं, असा क्रम अकरा महिने चालला. किद्दूशला आम्ही काळ्या मनुकांचं शरबत करतो. त्याचा एक तांबूस डाग पानावर पडला तो आरपार गेला. कागद इतका पातळ आहे की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात. राशींची टीका त्यांच्या नावाच्या खास लिपीत, स्वरचिन्हांशिवाय छापली आहे. चष्मा बदलूनही ती मला ओळ-ओळ करतच वाचावी लागते.

पण पुस्तकाची खरी पारख मजकुरावर, आणि मी ती एकाच पाराशावर करते. ती म्हणजे शोफ्तीम. देवारीम, म्हणजे मराठी बायबलात ज्याला ‘अनुवाद’ म्हणतात, त्या पाचव्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायाच्या अठराव्या पासुकापासून (ओवीपासून) एकविसाव्या अध्यायाच्या नवव्यापर्यंत. ९७ पासूक, ४१ आज्ञा. दिवाणी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे ही पाराशा मला आमच्या कोर्टाच्या आवारातलीच वाटते. न्यायाधीश, साक्षीदार, लाच, हद्दीच्या खुणा, वरच्या कोर्टात पाठवायचं प्रकरण, सगळं आहे.

पहिल्याच ओळीत ‘शोफ्तीम वे-शोत्रीम’ येतं, म्हणजे न्यायाधीश आणि शोत्रीम. इंग्रजी भाषांतरात शोत्रीमसाठी ‘ऑफिसर’ असा गुळमुळीत शब्द ठेवलाय. राशी सांगतात की निकाल मानेपर्यंत काठीने आणि चाबकाने ठोकणारी ती माणसं. म्हणजे बेलिफच, फक्त आमच्या बेलिफाच्या हातात कागद असायचा. लाचेवर तर राशी सरळच बोलतात: खरा निकाल द्यायचा असला तरी घेऊ नको. ‘साहेब, काम तर कायद्याचंच आहे ना’ हे वाक्य मी कॉरिडॉरमध्ये किती वेळा ऐकलंय, ते आठवलं.

‘त्सेदेक, त्सेदेक तिर्दोफ.’ न्याय, न्याय, त्याच्याच पाठी लाग. तोच शब्द दोनदा कशाला? इथे या हुमाशाच्या टिपा छान आहेत. तालमूद म्हणजे जुन्या रब्बींच्या, धर्मपंडितांच्या चर्चांचा संग्रह. त्यातल्या सनहेद्रिन ग्रंथातलं उत्तर त्यांनी पूर्ण दिलंय: एक न्याय निकालाचा, दुसरा तडजोडीचा. नदीत दोन होड्या समोरासमोर आल्या आणि दोघी एकदम घुसल्या तर दोघी बुडतील. एकामागून एक गेल्या तर दोघी पार होतील. बेथ होरोनच्या चढावर दोन उंट समोरासमोर आले तर ओझं लादलेल्याला वाट द्यायची. दोघांवर ओझं असेल तर एकाने थांबायचं आणि पुढे जाणाऱ्याने त्याला भरपाई द्यायची. अरुंद घाटात दोन एसट्या समोरासमोर अडकलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना याहून जास्त समजावायला नको. आमच्या कोर्टात तडजोड झाली की पक्षकार हरल्यासारखं तोंड करायचे. इथे तडजोडीला निकालाइतकाच मान, तोच शब्द.

याच ओळीवर राशी म्हणतात, चांगलं न्यायासन शोधत जा. तालमूदात त्याचं उदाहरण आहे रब्बी एलिएझर यांच्याकडे लोदला जाण्याचं. जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “अगं, रब्बी एलिएझर कुठे बसायचे ते मला विचारू नकोस. पण आपल्या लोकांच्या घरी भाकरीचं पीठ कुठून येतं ते सांगीन.”

राजाचा भागही टिपांमध्ये चांगला उतरलाय. घोडे फार नकोत, बायका फार नकोत, सोनं-चांदी फार नको, आणि तोराची एक प्रत लिहून ती जन्मभर वाचायची, म्हणजे आपल्या भावांपेक्षा मन उंच होणार नाही. राजा असावाच का, यावरही मतं दोन. मध्ययुगातले कायदेपंडित रामबाम म्हणतात ती आज्ञाच आहे. टीकाकार इब्न एझ्रा म्हणतात, मागाल तर परवानगी. शलमोन राजाने नेमकी हीच कलमं मोडली: मिसरातून घोडे, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी. तालमूदात मजा अशी की घोड्यांच्या आणि बायकांच्या या दोन आज्ञांना कारण जोडलं होतं, म्हणून शलमोन म्हणाला, ‘मी करीन आणि तरी बहकणार नाही.’ कायद्यात कारण लिहिलं की हुशार माणूस आधी पळवाट शोधतो, हे वकिलांना सांगायला नको.

आता तक्रार. सतराव्या अध्यायात अवघड प्रकरण वरच्या न्यायासनाकडे न्यायचं आणि ते सांगतील त्यापासून उजवीकडे किंवा डावीकडे वळायचं नाही असं आहे. राशी म्हणतात, त्यांनी उजव्याला डावं म्हटलं तरी. संपादकांनी हे एवढंच दिलं, खाली आज्ञाधारकपणावर गोड परिच्छेद जोडला आणि पान उलटलं. यरुशलेमी तालमूदात (तालमूद दोन आहेत, त्यातला एक) बरोबर उलटं आहे: उजव्याला उजवं आणि डाव्याला डावं म्हणतील तेव्हाच ऐकायचं. ही दोन मतं शेजारीशेजारी ठेवण्यातच या शास्त्राची जान आहे. त्यातलं एक गाळलं की उरतं ते फर्मान.

बेने इस्राएल माणसाला हे गाळणं जास्तच टोचतं. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बींनी हुकूम काढला की बेने इस्राएल वधूवरांच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करायची. कोकणात शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ज्यांना शेजाऱ्यांनी शनवार तेली हे नाव दिलं, त्यांना ज्यूपणाचा दाखला मागितला गेला. लोक गप्प बसले नाहीत. जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. मग तो हुकूम बदलला. उजव्याला डावं म्हटलं गेलं होतं आणि साध्या गिरणी कामगारांनी, कारकुनांनी ते ऐकून घेतलं नाही.

नबीचा, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्याचा, भाग संपादकांनी घाईने उरकलाय. ज्योतिषी, शकुन पाहणारे, भूतं बोलावणारे नकोत. तुमच्याच भावांतून नबी उभा राहील, त्याचं ऐका. आणि तो खोटा असेल तर? त्याने सांगितलेलं घडलं नाही, तर ते देवाचं वचन नव्हतं. हा पुराव्याचा कायदा झाला. पण योना नबी निनवेला सांगून आला की ४० दिवसांत शहर उलथेल, आणि उलथलं नाही. योना खोटा? रामबाम इथे फोड करून देतात: संकटाचं भाकीत पश्चात्तापाने टळू शकतं, चांगल्याचं वचन मात्र खरं व्हायलाच हवं. तपास करायचा तो त्यावर. हे टिपेत असायला हवं होतं, नाही. आम्ही एलियाहू हन्नाबीला (नबी एलियाला) नवस बोलतो, पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करतो, अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात तिथे जाऊन येतो. नबीची अशी उलटतपासणी करायची असते हे लहानपणी कुणी सांगितलंच नव्हतं.

शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नको, याला सगळी मिळून एक ओळ. बांध कोरण्यावरून तीन पिढ्या चाललेले दावे मी हाताळलेत, तिथे टिपेची गरजही नव्हती.

शेवटचा भाग मी दर वेळी दोनदा वाचते. उघड्यावर मृतदेह सापडलाय, मारणारा माहीत नाही. वडीलधारे आणि न्यायाधीश येऊन चारी बाजूंची अंतरं मोजतात. जवळात जवळ जे गाव, त्याचे वडीलधारे कालवड घेऊन ओढ्यावर जातात, तिची मान मोडतात, हात धुतात आणि म्हणतात, ‘आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही.’ मिश्ना, म्हणजे तालमूदाचा जुना गाभा, विचारते, या माणसांनी खून केला असं कुणाच्या मनात तरी आलं होतं का? आणि अर्थ लावते: तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला अन्नाविना पाठवला असं नाही; आम्ही त्याला पाहिला आणि सोबत न देता जाऊ दिला असं नाही. हद्द कुणाची यावरून पंचनामा खोळंबलेला मी कागदोपत्री पाहिलाय. तिथे फूटपट्टी काढायची ती अंगावरून झटकायला. इथे मोजून अंगावर घेतात. ही टिप या हुमाशात पूर्ण आहे, आणि तेवढ्यासाठी मी संपादकांना अर्धा तारा जास्त देते.

एकूण साडेतीन तारे. हिब्रू अक्षर ठळक, स्वरचिन्हं स्वच्छ, नव्याने वाचणाऱ्याला उत्तम. वाद ऐकायचे असतील तर जोडीला दुसरी टीका लागेलच. घेताना शिवणीची आवृत्ती मिळते का ते आधी विचारा.

सुटलेली पानं जूनमध्ये गल्लीतल्या बाइंडरकडे दिली. त्याने दोऱ्याने शिवून, नवा पुठ्ठा चढवून, दीडशे रुपयांत काम झकास केलं. फक्त हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं हे सांगायला मी विसरले, आणि सुटा गठ्ठा त्याने आपल्या हिशेबाने शेवटी लावला. त्यामुळे आता माझ्या हुमाशात आधी शोफ्तीम येतो, आणि देवाने आकाश-पृथ्वी निर्माण केली ते त्याच्यानंतर.