टीव्ही चांगला आहे, पण आधी घराचं अर्थिंग बघा : ४३ इंची टीव्हीचा नऊ महिन्यांचा अनुभव

"माय वं, टीव्हीमा करंट शे!"

सासूबाईंचा आवाज ऐकून मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावले. त्या टीव्हीमागची धूळ पुसत होत्या आणि जिथे डिशची तार सेट-टॉप बॉक्सच्या डब्याला पिळून बसवतात त्या लोखंडी स्क्रूला त्यांची बोटं लागली होती. मुंग्या आल्यासारखं झालं म्हणाल्या. मी हात लावून पाहिला, मलाही तेच जाणवलं. टीव्ही घेऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

मॉडेल, पिक्सेल, आवाजाचे वॅट तुम्ही दुकानात वाचलेलेच असतील, ते मी पुन्हा लिहीत नाही. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यासाठीच आम्ही खरेदी दिवाळीपर्यंत थांबवली होती. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे आले आणि धनत्रयोदशीला २४,५०० रुपयांना टीव्ही घरी आला. चित्र उत्तम आहे. आवाज थोडा पातळ आहे, कीर्तनातला मृदंग पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो, पण बातम्या आणि मालिकांना पुरतो. रिमोटचं एक बटण सहाव्या महिन्यात दबेनासं झालं. चित्र-आवाजाबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही.

बसवण्याबद्दल मात्र सांगायचं आहे. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात अजून बरीच घरं पुढून जुनी आणि मागून नवी आहेत. आमचंही तसंच. ओसरी आणि पुढची खोली पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची, मागची खोली विटा-सिमेंटची. बसवायला आलेल्या मुलाला पुढच्या खोलीतच काम उरकायचं होतं. त्याने ड्रिल लावलं तर भोकातून पिठासारखी माती गळायला लागली आणि स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी आत घातल्यावर बोटाने फिरत होती. तो म्हणाला, "ताई, सिमेंट भरून देतो, बसेल." मी नाही म्हणाले. स्टँडशिवाय या टीव्हीचं वजन साडेसात किलोच्या आसपास आहे. ते वजन भिंतीला फक्त खाली ओढत नाही, पुढेही ओढतं, आणि मातीत भरलेला सिमेंटचा गोळा गिट्टीसकट उपसून येतो. खाली माझी पाच वर्षांची मुलगी बसते. अर्धा तास वाद घालून मागच्या खोलीतल्या विटांच्या भिंतीवर टीव्ही लावून घेतला. फ्रेम बसल्यावर, टीव्ही अडकवण्याआधी, ती दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघितली. तुम्हीही बघा. टीव्हीच्या पाठीत जाणारे स्क्रू त्याच्या खोक्यातले आहेत की मुलाच्या पिशवीतले, तेही विचारा. लांब स्क्रू आत गेला तर पॅनेललाच भोक पडतं.

त्या मुलाला टीव्ही दाराच्या चौकटीच्या वर लावायचा होता. खाली बसल्यावर नजर सरळ जाईल इतका खाली घ्यायला लावला आणि वर-बाजूला चार-चार बोटं जागा मोकळी ठेवली.

आता करंटबद्दल. मी कंपनीच्या नंबरवर तक्रार केली. चौथ्या दिवशी माणूस आला, टेस्टर लावला, टेस्टर मिणमिणला. तो म्हणाला, "एवढं चालतं, सगळीकडे असतं." कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं आणि वॉरंटी चालू असताना खेपेचे ४५० रुपये घेतले. त्या रात्री माझं मत पक्कं झालं होतं की हा टीव्ही खराब आहे, आणि तेव्हा लिहायला बसले असते तर हा टीव्ही घेऊच नका असं लिहिलं असतं.

ते मत बदललं गल्लीतल्या नानांमुळे. नानांनी चाळीस वर्षं वायरिंग केलं, आता डोळ्यांमुळे फारसं करत नाहीत. त्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. आधी भिंतीवरचा बोर्ड उघडला. पिनच्या जागी वरचं जे मोठं तिसरं भोक असतं, त्याच्या मागे तारच नव्हती. घराचं वायरिंग १९९८ सालचं आहे. म्हणजे इतकी वर्षं आम्ही इस्त्री, मिक्सर, कूलर सगळं तीन पिनांचं वापरत होतो आणि तिसरी पिन नुसती हवेत होती. "बेटा, आठे अर्थिंगच नही," म्हणजे इथे जमिनीकडे जाणारी तारच नाही, एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी जे समजावलं ते मला आता पाठ झालंय. टीव्ही काय, डब्याचा अ‍ॅडॉप्टर काय, आत जो वीजपुरवठ्याचा भाग असतो त्यात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर नावाचे छोटे भाग असतात. त्यांतून अगदी थोडा, एक मिलिअँपिअरहूनही कमी करंट धातूच्या भागापर्यंत येतो. प्लग तीन पिनांचा आणि मागे अर्थिंग असलं की तो गुपचूप जमिनीत जातो. नसलं की तो आपल्या बोटांची वाट बघतो. तो मुंग्या येण्याएवढाच असतो, जीवघेणा नसतो. पण मुंग्या येतात याचा अर्थ जमिनीकडे जाणारी वाट बंद आहे. उद्या एखाद्या यंत्रात फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, तार खरोखर पत्र्याला टेकली, तर तो पूर्ण करंटही त्याच बंद वाटेपाशी माणसाची वाट बघेल. कंपनीच्या त्या माणसाला टीव्हीत दोष सापडला नाही हे खरं होतं. दोष आमच्या भिंतीत होता. पण "बोर्डात अर्थिंग नाही" हे तीन शब्द त्याने सांगायला हवे होते, आणि ते न सांगता ४५० रुपये घेतले याचा राग मला अजून आहे.

गावातल्या दुसऱ्या एकाने सोपा उपाय सुचवला होता. बोर्डातच अर्थच्या भोकातून तारेचा एक तुकडा न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, जोडायचा, पन्नास रुपयांत काम. मुंग्या खरंच थांबतात. नाना ऐकून तडकले. कारण न्यूट्रल मध्येच कुठे तुटला तर त्या तुकड्यातून फेज उलटून थेट टीव्हीच्या, फ्रिजच्या, कूलरच्या पत्र्यावर येते. तुमच्या घरी कुणी असं करून ठेवलं असेल तर आजच काढून घ्या, हे मी हात जोडून सांगते.

मग अंगणात खड्डा झाला. माणसाच्या उंचीपेक्षा थोडा जास्त खोल, तळाशी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पाटी उभी, भोवती कोळसा आणि खडे मीठ यांचे थर, वर पाणी घालायला पाइप. नवी हिरवी तार घरातल्या प्रत्येक बोर्डापर्यंत गेली. सगळं मिळून ४,३०० रुपये लागले. यजमानांना ते जास्त वाटले, मलाही वाटले. टीव्हीच्या किमतीच्या सहाव्या हिश्शाहून जास्त पैसे जमिनीत पुरले होते. नानांनी शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून दाखवला. तो दिवसाढवळ्या लख्ख पेटला. (हे स्वतः करू नका. अर्थिंग कच्चं असेल तर तेवढा वेळ घरातल्या सगळ्या पत्र्यांवर करंट येतो. वायरमनला करू द्या, आधी सगळे प्लग काढून.) सासूबाईंनी भीत भीत डब्याचा स्क्रू चाचपला. काही नाही.

मार्चअखेर नानांनी तोच बल्ब पुन्हा लावला तेव्हा तो पिवळा, मरगळलेला पेटला. मुंग्या तर येत नव्हत्या, म्हणून मला वाटलं होतं सगळं ठीक आहे. पण मुंग्यांचा करंट इतका थोडा असतो की कच्चं अर्थिंगही तो पोचवतं. मोठा दोष झाला तर ते पुरत नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ओल गेली, माती पाटीपासून सुटली की करंटला होणारा विरोध वाढतो. त्या खड्ड्याचा विरोध समजा पन्नास ओहम झाला, तर २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच वाहतात, आणि तेवढ्यावर सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही. चार बादल्या पाणी पाइपात ओतलं, दुसऱ्या दिवशी बल्ब पुन्हा उजळला. तेव्हापासून उन्हाळ्यात दर रविवारी दोन बादल्या. नानांच्या सांगण्यावरून मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. गळती झाली की तो स्वतःच वीज तोडतो. पैसे पुन्हा गेले, दोन हजारांना थोडे कमी.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. दोन्ही नणंदा मुलांसह माहेरी आल्या, झोका बांधला, आंब्याचा रस, सांजोऱ्या, आणि दुपारी सगळे टीव्हीच्या खोलीत कूलरसमोर. कूलर पत्र्याचा, पाण्याने भरलेला, पोरं त्याच्या जाळीला ओले हात लावून बसलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी खट् करून घरातली वीज गेली. वर केली, पुन्हा गेली. सगळे प्लग काढले, एकेक लावत गेलो. कूलर लावला की आरसीसीबी पडायचा. कूलरच्या पंपाची तार पाण्यात कुजली होती आणि करंट पत्र्यावर येत होता. तो पंप आम्ही आदल्या उन्हाळ्यातही तसाच चालवला होता. त्या दिवशी मोठ्या नणंदबाईंचा धाकटा कूलरला टेकून बसला होता. मी त्या दुपारी काही बोलू शकले नाही. ४,३०० आणि आरसीसीबीच्या पैशांबद्दल घरात त्यानंतर कुणीच बोललं नाही.

मेमध्ये टीव्हीचीच काळजी वाटायला लागली. पुस्तिकेत वापराचं तापमान शून्य ते चाळीस अंश लिहिलंय. आमच्याकडे, जळगाव-भुसावळकडे, मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. म्हणून दुपारी बारा ते चार टीव्ही बंद ठेवला, पाठ कधी कापडाने झाकली नाही. पुढच्या खोलीत पत्र्याखाली लावला असता तर टिकला असता का, शंका आहे. कूलरचं तोंडही टीव्हीकडे करू नका, ओलसर वारा थेट आत जातो.

मृगाच्या पहिल्या वादळात मात्र आमचीच चूक झाली. सातपुड्याकडून ढग गडगडत आले. मी टीव्हीचा प्लग काढला. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. पण डब्याचा प्लग तसाच राहिला आणि छपरावरच्या डिशची तार डब्यात तशीच. जवळच कुठेतरी वीज पडली. डबा गेला, आणि डब्यातून टीव्हीत जाणाऱ्या केबलमार्गे टीव्हीचा पहिला एचडीएमआय पोर्ट मेला. टीव्ही चालू होतो, दुसऱ्या पोर्टवर सगळं दिसतं. सेवा केंद्राने आख्खा बोर्ड बदलायचे ७,२०० सांगितले. वीज पडून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, असं पुस्तिकेत छापलेलं आहे, मी वाचलं, मान्य केलं. बोर्ड बदलला नाही. डबा दीड हजाराला नवा घेतला. पण त्याच फोनवर नोव्हेंबरच्या ४५० रुपयांचा विषय काढला तर उडवाउडवी झाली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पावतीचा फोटो जोडला. नवव्या दिवशी पैसे खात्यात परत आले.

आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये घेतलंय, आसपास वीज पडायला लागली की ते सांगतं. इशारा आला की आधी दोन्ही प्लग, मग डिशची तार पिळून काढायची. ढग दूर असतानाच. गडगडाट डोक्यावर आल्यावर त्या तारेला हात लावायचा नाही, मग यंत्र गेलं तरी चालेल. लाइट गेला तर तो परत आल्यावर पाच मिनिटं काही लावत नाही. व्होल्टेजचा झटका अडवणारा स्पाइक गार्ड घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण अर्थिंग नसलेल्या बोर्डात तो अर्धंच काम करतो, हे विकणारा सांगत नाही. कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर लागत नाही, टीव्हीच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. भीती जास्त व्होल्टेजची. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल सुटला तर घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, तेव्हा वीज तोडणारं उपकरण असलेलं बरं.

बचतीचं एक राहिलं. रिमोटने बंद केलेला टीव्ही अगदी नगण्य वीज खातो. डबा मात्र बंद असतानाही गरम असतो. आठ-दहा वॅट धरले तरी महिन्याला सहा-सात युनिट होतात. रात्री दोन्ही स्विच बंद करते.

छपरावरच्या डिशच्या लोखंडी दांड्याला वेगळी जाड तार घालून ती अर्थिंगला जोडायचं काम बाकी आहे. पावसाने उघडीप दिली की नाना स्वतः उभे राहून करून घेणार आहेत. तोवर आभाळ भरलं की सासूबाई ओसरीतूनच विचारतात, "पोरी, तार काढी का?"