नांदेड-परभणीहून मुंबई: 61 नंबरचा महामार्ग की जालन्याहून समृद्धी?

नांदेड-परभणीकडून मुंबईला गाडी काढायची तर दोन वाटा. एक जुनी: राष्ट्रीय महामार्ग 61, म्हणजे आपला कल्याण-निर्मल रस्ता. मानवत, पाथरी, माजलगाव, गढी, पाथर्डी, अहिल्यानगर, मग माळशेज उतरून कल्याण. दुसरी: जिंतूर-मंठ्यावरून जालना गाठायचं आणि समृद्धीला लागायचं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, तेव्हापासून भिवंडी तालुक्यापर्यंत सलग जाता येतं.

दोन्ही रस्ते एकाच मापाने मोजायचे तर आशियाई महामार्ग जाळ्याचा आंतरराष्ट्रीय करार आहे, 2005 पासून लागू. त्यात सर्वांत वरचा वर्ग 'प्रायमरी': दुभाजक हवा, रस्त्यावर चौक नको, प्रवेश फक्त इंटरचेंजवरून, सायकल आणि पायी माणसाला मज्जाव, सपाट भागात ताशी 120 किलोमीटरचा डिझाइन वेग, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखलेला असतो तो. त्याखाली पहिला वर्ग चार पदरी, 100 चा. दुसरा वर्ग दोन पदरी, 80 चा. तिसरा त्याहून अरुंद. या जाळ्यातला एकही मार्ग मराठवाड्यातून जात नाही. एएच 47 नाशिक-मुंबईवरून, एएच 46 जळगाव-अकोल्यावरून आणि एएच 43 नागपूरवरून हैदराबादकडे. तिन्ही आपल्या बाहेरून निघून जातात. म्हणून इथल्या रस्त्यांना हे माप आपणच लावून पाहायचं.

समृद्धी राष्ट्रीय महामार्ग नाही, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधलेला 701 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे. सहा पदरी, डिझाइन वेग 150, कुठे चौक नाही. बांधणीत तो 'प्रायमरी'च्या पुढे आहे. 61 चा बराचसा भाग दोन पदरी, म्हणजे फार तर दुसरा वर्ग. पदराची रुंदी साडेतीन मीटर, तीही करारात बसते. पुलाखालच्या उंचीत तर आपला निकष जास्त कडक: करारात साडेचार मीटर, आपल्याकडे साडेपाच. कापसाच्या गाठींनी उंच भरलेल्या ट्रकला हा फरक कळतो.

मग अडतं कुठे? 61 वर प्रत्येक गावाचा फाटा थेट महामार्गावर येतो. गळीत हंगामात माजलगाव-पाथरी पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. दोन पदरी रस्त्यावर रात्री त्यांना ओलांडताना समोरून बस येते. रुंदीचा निकष पाळूनही हा धोका तसाच राहतो, कारण रुंदी वाहनं वेगळी करत नाही. माझ्या लेखी 61 ची खरी उणीव ही आहे. पदर कमी असण्यापेक्षा मोठी.

म्हणून नोव्हेंबर ते मार्च रात्री निघणार असाल, सोबत घरची माणसं असतील, तर मी जालन्याकडेच वळायला सांगेन. पावसाळ्यातही तेच. माळशेजला दरडी आणि धुकं, तर समृद्धीवर इगतपुरीजवळ जवळपास 8 किलोमीटरचा जुळा बोगदा. टोल अंतरानुसार कापला जातो, तो खर्च धरून चला.

पण समृद्धीवर निर्धास्त होऊ नका. 15 ऑक्टोबर 2023 ला वैजापूरजवळ एक मिनीबस मागून ट्रकवर आदळली आणि 12 जीव गेले. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो. दोन तासांनी थांबा, टायरची हवा आणि झीज निघण्याआधीच तपासा, डिझेल जालन्यातच भरून घ्या. कारला 120 ची मर्यादा आहे, म्हणून भरलेली गाडी तितकी पळवायलाच हवी असं नाही.

दिवसा, हिवाळा संपल्यावर, अहिल्यानगरला किंवा पाथर्डीला काम असेल तर 61 सोयीचा. वाटेत गावं, जेवण, पंक्चरवाला, दवाखाना सगळं सापडतं. पुण्याला जाणाऱ्यांनीही अहिल्यानगरपर्यंत हाच धरावा. आणि मोटारसायकलवर असाल तर प्रश्नच नाही, समृद्धीवर दुचाकीला प्रवेश नाही.